दंडाची पावती आणि सदसद्विवेक

नवे वाहन घरी आले की ते आधी चर्चच्या आवारात आणावयाचे, धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्यावयाचे आणि मगच रस्त्यावर काढावयाचे, ही रीत आपल्या वसईच्या ख्रिस्ती समाजात आता चांगलीच रुजली आहे. एके काळी याच वाटांवरून पानवेलीचे भारे, केळीचे लोंगर आणि फुलांच्या करंड्या घेऊन बैलगाड्या पहाटे स्टेशनकडे निघत. आज ज्या वाडीत एक बैलजोडी होती, तेथे दोन स्कूटर आणि एक मोटारगाडी उभी असते. आरशाला जपमाळ टांगलेली असते, काचेपाशी संत ख्रिस्तोफरची प्रतिमा असते. पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी आम्ही दोन प्रश्न हटकून विचारतो : चालविणाऱ्याकडे लायसन आहे का? आणि विमा उतरविला आहे का? पहिल्या प्रश्नावर मंडळी हसतात. दुसऱ्यावर ‘ते शोरूमवाल्यानेच केलं असेल, फादर,’ असे उत्तर येते.

वाहतुकीच्या कायद्याविषयी आपल्या समाजाची वृत्ती अशी मोघम आहे. पोलिसाने अडविले तर कायदा आहे, न अडविले तर नाही. दंड झाला तर ते दुर्दैव, चिरीमिरी देऊन सुटका झाली तर ते व्यवहारचातुर्य. पापनिवेदनाला येणारी माणसे रागाविषयी बोलतात, चुकलेल्या मिस्सेविषयी बोलतात. सिग्नल तोडल्याचे, उलट्या दिशेने गाडी हाकल्याचे किंवा पिऊन स्कूटर चालविल्याचे निवेदन क्वचितच कानी पडते, असे अनेक धर्मगुरूबंधू आपसांत बोलतात. याच वृत्तीची दुसरी बाजू म्हणजे भय. कायदा आपल्याकडून काय मागतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कायदा आपल्याला काय देतो हेही ठाऊक नसते. खाकी गणवेश दिसला की त्याचे हात थरथरतात. म्हणून कर्तव्य आणि हक्क या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात, असे आम्हांस वाटले.

सेमिनरीत नैतिक ईशज्ञान शिकत असताना ग्रंथालयातील जुन्या पाठ्यपुस्तकांत आम्ही एक मत वाचले होते. काही कायदे हे ‘केवळ दंडात्मक’ असतात, असे ते मत होते. अशा कायद्याचा भंग केला तर मनुष्य पापी ठरत नाही. मात्र पकडला गेला तर दंड भरण्यास तो विवेकाने बांधलेला असतो. सोळाव्या शतकापासून या मतावर वाद झाले. स्पॅनिश जेज्विट पंडित फ्रान्सिस्को सुआरेझ यांनी १६१२ साली प्रसिद्ध झालेल्या कायद्यांवरील आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली. जकात, जंगलातील लाकूडतोड, शिकार यांसंबंधीचे राजाचे हुकूम हे त्या वादातील नेहमीचे दाखले. पुढे मोटारी आल्या, तेव्हा वाहतुकीचे नियमही काहींनी त्याच पंक्तीत बसविले.

आपल्या वाडीतल्या माणसाने सुआरेझचे नाव ऐकलेले नाही. परंतु ‘दंड भरला ना, मग झालं तर!’ असे तो म्हणतो तेव्हा तो नकळत त्याच पंथाचा अनुयायी असतो. हे मत रस्त्याला लागू पडत नाही, असे आमचे ठाम म्हणणे आहे. जकात चुकविली तर राजाची तिजोरी हलकी होते. सिग्नल तोडला तर पलीकडून येणाऱ्या आईच्या कडेवरचे मूल चिरडते. ही बाब तिजोरीची नसून पाचव्या आज्ञेची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याच्या तिसाव्या परिच्छेदात वेगमर्यादेचे नियम क्षुल्लक मानणाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. ते स्वतःचे व इतरांचेही प्राण धोक्यात घालतात, असे परिषदेने बजावले. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९० वा परिच्छेद तर नशेत किंवा वेगाच्या हौसेपोटी इतरांची सुरक्षा धोक्यात आणणाऱ्यास गंभीर दोषी ठरवितो. २००७ च्या जून महिन्यात रोमहून रस्त्यावरील पाळकीय सेवेसाठी मार्गदर्शिका निघाली, तिच्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या आहेत, आणि त्यांतील पहिली पाचव्या आज्ञेचीच आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार व मागे बसणारे मिळून त्यांत पन्नास हजारांवर होते. दफनविधीच्या वेळी शवपेटीवर माती टाकताना आम्ही जे शब्द उच्चारतो, ते ऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी उच्चारणे निराळे आणि एकोणीस वर्षांच्या मुलासाठी उच्चारणे निराळे. ज्याने दुसरा प्रकार अनुभवला आहे, त्याला दंडाची पावती ही नुसती कटकट वाटत नाही.

कर्तव्याचा पक्ष असा भक्कम आहे. आता हक्काकडे वळू. येथे आमचे गुरू संत पौल आहेत. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात जेरुसलेममध्ये त्यांना फटके मारण्यासाठी वाद्यांनी ताणून बांधले जाते. पौल आरडाओरडा करीत नाहीत, शिव्याशाप देत नाहीत, कोणाच्या ओळखीचे नावही सांगत नाहीत. जवळ उभ्या असलेल्या शताधिपतीला ते एकच प्रश्न विचारतात : रोमन नागरिकाला, तोही दोषी ठरलेला नसताना, फटके मारणे तुम्हांला कायदेशीर आहे काय? त्या एका प्रश्नाने शताधिपती थबकतो आणि सरदारापर्यंत धावतो. पुढे कैसरियात तेच पौल कैसराकडे दाद मागण्याचा आपला हक्क बजावतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगणारेही तेच. अधीनता आणि हक्काची जाणीव या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे यावरून दिसते.

आपल्या देशात शताधिपतीला विचारावयाचा प्रश्न मोटार वाहन कायदा, १९८८ या कायद्यात लिहून ठेवला आहे. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यातील काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्याव्यात.

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितले तर लायसन दाखविणे हे कलम १३० नुसार चालकाचे कर्तव्य आहे. ‘गणवेशातील’ हा शब्द कायद्यातच आहे. वाहनाची नोंदणी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रेही दाखवावी लागतात. नवीन गाडीला पहिले एक वर्ष पीयूसीची आवश्यकता नसते. २०१८ च्या अखेरीस केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये बदल झाला आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांवरील कागदपत्रे मूळ कागदांइतकीच ग्राह्य ठरली. तेव्हा लायसन घरी राहिले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मोबाईलमध्ये ते नीट उतरवून ठेवले म्हणजे झाले.

अधिकाऱ्याने लायसन ताब्यात घेतले, तर कलम २०६ प्रमाणे त्याची पोच देणे त्याला बंधनकारक आहे. लायसनच नाही, चालकाचे वय कमी आहे, नोंदणी नाही किंवा आवश्यक परवाना नाही, अशा प्रसंगी कलम २०७ खाली वाहन अडकवून ठेवता येते. परंतु चालत्या किंवा उभ्या गाडीची किल्ली ओढून काढावी, असे या कायद्याच्या कोणत्याही कलमात म्हटलेले नाही. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल अटक झाली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे. न झाल्यास त्या व्यक्तीला सोडावे लागते. कोणत्याही अटकेत चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे तर राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाचे फर्मान आहे. अपवादात्मक कारण आणि न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी असल्याखेरीज स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट पुढे आहे. रस्त्यावर किंवा मोबाईलवर जो दंड आपण भरतो, तो न्यायालयाने ठोठावलेला दंड नव्हे. कलम २०० नुसार ती एक तडजोड असते. गुन्हा मान्य करून, ठरावीक रक्कम भरून आपण प्रकरण मिटवितो. शासनाने अधिसूचनेने अधिकार दिलेला अधिकारीच ही तडजोड करू शकतो आणि तिची पावती मिळणे हा आपला हक्क आहे. आरोप मान्य नसेल, तर तडजोड करण्याची सक्ती कोणावर नाही. ‘साहेब, मला हे मान्य नाही, प्रकरण कोर्टात पाठवा,’ असे नम्रपणे म्हणता येते. मग खरे-खोटे न्यायदंडाधिकारी ठरवितात. अर्थात जो खरोखर चुकला आहे, त्याने हा मार्ग केवळ वेळ काढण्यासाठी धरू नये. हक्काची ढाल निरपराधासाठी आहे. अपराध्याने ती वापरली तर आठव्या आज्ञेशी गाठ पडते.

कॅमेऱ्याने टिपलेल्या ई-चलानाचेही तसेच आहे. अशा यंत्रांसंबंधी २०२१ च्या ऑगस्टमध्ये नियम १६७अ आला. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नवे करावयास हवे, आणि कॅमेरा असल्याचा फलक वाहनचालकांना दिसेल असा लावावयास हवा, असे त्यात सांगितले. चलानासोबत उल्लंघनाचे छायाचित्र, वाहनाचा क्रमांक, दिनांक, वेळ आणि ठिकाण ही माहिती असते. ती नीट पाहणे हे आपले पहिले काम. नोटिशीवर मुदत दिलेली असते, ती वाचणे हे दुसरे.

या बाबतीत आमच्या धर्मग्रामात घडलेली एक हकिकत सांगतो. एक विधवा बाई एके दिवशी संध्याकाळच्या मिस्सेनंतर आमच्या कार्यालयात आल्या. वय साठीच्या पुढचे. त्यांनी पदराखालून एक मोबाईल काढून टेबलावर ठेवला. तो बंद होता. चार महिने त्यांनी तो कपाटात साड्यांच्या घडीखाली बंद करून ठेवला होता. ‘फादर, यात कोर्टाचे मेसेज येतात. मला तुरुंगात नेतील का?’ असे त्यांनी विचारले, आणि मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत.

मोबाईल सुरू केला तेव्हा सात चलाने आणि लोकअदालतीची एक सूचना निघाली. बाईंनी आयुष्यात कधी स्कूटर चालविली नव्हती. परंतु नवऱ्याने हौसेने घेतलेली स्कूटर तिच्या नावावर होती. आजारपणात पैशांची निकड लागली, तेव्हा त्याने ती शेजारच्या गावातील एका ओळखीच्या गृहस्थांना विकली. फॉर्म २९ आणि ३० वर बाईंच्या सह्या घेतल्या, कागद एका पाकिटात घालून दिले, आणि ते पाकीट कोणीच परिवहन कार्यालयात नेले नाही. विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, असे कलम ५० सांगते. नोंदवहीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघात-भरपाईच्या एका खटल्यात दिला आहे. त्या स्कूटरखाली कोणी सापडले असते, तर भरपाईचा बोजा या बाईंच्या माथी आला असता. सात चलानांवर भागले, ही देवाचीच कृपा म्हणावयाची.

‘घेणाऱ्याला तुम्ही सांगितलं नाही का, मावशी?’ असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, ‘त्यांची सून माझ्या भाचीची नणंद आहे, फादर. आजारपणात पैसे त्यांनीच दिले होते. कसं सांगू?’ येथे प्रश्न केवळ कायद्याचा नव्हता. ते गृहस्थ दर रविवारी मिस्सेला येत, बाईही येत. शांतीचे अभिवादन करताना दोघे एकमेकांना हात जोडीत असतील, आणि एकाच्या मुलाच्या निष्काळजीपणाचे ओझे दुसरी झोप गमावून वाहत होती.

स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये ती तरतूद आहे आणि तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. आम्ही बाईंना तेथे घेऊन गेलो. समितीने नेमलेल्या तरुण वकीलबाईंनी सर्वप्रथम सातही छायाचित्रे मोठी करून पाहिली. दोन छायाचित्रांत स्कूटर नव्हतीच. एक मोटरसायकल होती आणि तिचा एक आकडा यंत्राने चुकीचा वाचला होता. त्या दोहोंविरुद्ध छायाचित्राच्या आधारे तक्रार केली, ती चलाने रद्द झाली. उरलेल्या पाचांत स्कूटर तीच होती आणि तिच्यावर विनाहेल्मेट एक तरुण होता.

त्या रात्री आम्ही स्वतः त्या गृहस्थांच्या घरी गेलो. छायाचित्रे पुढे ठेवली. ते बराच वेळ त्यांकडे पाहत राहिले आणि मग मुलाला हाक मारून म्हणाले, ‘बाबू, हे बघ. मावशीच्या नावावर आपण फिरतोय.’ लोकअदालतीच्या दिवशी बापलेक दोघेही आले. लोकअदालत ही शिक्षा देणारी जागा नव्हे. तेथे उभयपक्षी संमतीने तडजोड होते, संमती नसेल तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते, आणि एकदा झालेला निवाडा अंतिम असतो. पाच चलानांची रक्कम मुलाने भरली. पुढच्या आठवड्यात स्कूटर त्याच्या वडिलांच्या नावावर झाली. बाईंचा मोबाईल आता कपाटाबाहेर असतो.

या हकिकतीतून वाचकांनी तीन व्यावहारिक धडे घ्यावेत. विकलेले वाहन दुसऱ्याच्या नावावर झाल्याचे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज निश्चिंत होऊ नये. चलान आले तर छायाचित्र पाहावे. आणि कोर्टाचा कागद आला तर तो लपवू नये, वाचून घ्यावा. चौथी एक सावधगिरी काळाने शिकविली आहे. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी फाइल उघडू नये, अनोळखी दुव्यावर पैसे भरू नयेत. शासकीय संकेतस्थळाचे नाव ‘गव्ह डॉट इन’ने संपते, आपल्या वाहनाचा क्रमांक स्वतः तेथे घालून खात्री करावी. भामट्यांच्या फाइलीने बँकेतील सारी पुंजी गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

आता चिरीमिरीविषयी. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, शिपाईही आले, आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले. नोकरी सोडा, असे योहानाने कोणालाच सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका, असे त्याने जकातदारांना सांगितले. कोणाला धाक दाखवून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे शिपायांना सांगितले. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील हा उपदेश नाक्यावरच्या शिपायासाठीच लिहिला आहे, असे म्हणून आपण टाळ्या पिटतो. परंतु उकळणाऱ्याच्या समोर देणाराही उभा असतो. हजाराच्या पावतीऐवजी दोनशे रुपये मुठीत सरकविणारा हात आपल्यापैकी कोणाचा तरी असतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला आहे. ज्याच्याकडून ती जबरदस्तीने घेतली गेली, त्याने सात दिवसांत तपास यंत्रणेला कळविले तर तो त्यातून मुक्त राहतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

त्या शिपायाचेही जीवन डोळ्यांपुढे आणावे. मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या धुरात, मे महिन्याच्या उन्हात तो तासन्‌तास उभा असतो. नाताळच्या रात्री आपण मिस्सेला बसतो, तेव्हा बाहेर रस्त्यावर आपल्याच गाड्यांची गर्दी आवरीत तो उभा असतो. आणि आपण काय करतो? चर्चसमोरच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावतो. सणाच्या दिवशी त्या रस्त्याने रुग्णवाहिका यावयाची म्हटले तर तिला वाट नसते. वेदीवरून शेजारधर्मावर प्रवचन चालू असताना शेजाऱ्याचे फाटक आपल्या मोटारीने अडविलेले असते. असे वाहन उचलून नेले तर त्याविरुद्ध कोणताही हक्क सांगता येणार नाही.

आईबापांसाठी एक परिच्छेद राखून ठेवला आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला पंधरा-सोळा वर्षांची मुले स्कूटरवरून तिघे-तिघे येतात. बाप कौतुकाने सांगतो, ‘फादर, पोरगा एका दिवसात शिकला.’ त्या बापाने कलम १९९अ वाचावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे. न घातल्यास कायद्याने एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन अपात्र, अशी तरतूद आहे. त्याहून लहान, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या बाळाला चालकाशी पट्ट्याने बांधावे, त्यालाही हेल्मेट घालावे, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर नेऊ नये, असा नियम २०२३ पासून लागू आहे. बाळाला पुढे उभे करून पदर वाऱ्यावर सोडून जाणारे जोडपे पाहिले की आमच्या छातीत धस्स होते.

शेवटी ज्या तरतुदीचे नावच प्रभू येशूच्या दाखल्यावरून पडले आहे, तिच्याकडे येतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर याजक आणि लेवी जखमी माणसाला टाळून पुढे गेले. आपल्या महामार्गावर माणसे टाळून जातात, त्याचे कारण पुष्कळदा निर्दयता नसते. पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या खेपांचे भय असते. हे भय आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ अन्वये ‘गुड समॅरिटन’ला, म्हणजे चांगल्या शोमरोन्याला, कायद्यात स्थान मिळाले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. रुग्णालयाला त्याला अडकवून ठेवता येत नाही. स्वखुशीने साक्ष देण्यास तयार झाला, तरच त्याचा जबाब घेतला जातो. मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडविरहित उपचाराची सोय आहे. शोमरोन्याने धर्मशाळेच्या मालकाला दोन दीनार स्वतःच्या कनवटीचे दिले होते. आपल्याला तर १०८ किंवा ११२ क्रमांक फिरवून जखमीपाशी थांबावयाचे आहे.

ज्याच्या हातून अपघात झाला, त्या चालकाचेही कर्तव्य कलम १३४ मध्ये आहे. जखमीला उपचार मिळवून द्यावेत आणि पोलिसांना कळवावे. जमावाच्या क्षोभामुळे थांबणे अशक्य झाले तर ते कायदा समजून घेतो. मात्र तेथून थेट पोलीस ठाणे गाठावे. पळून घरी जाऊन दार लावून घेणाऱ्याचे भय दुसऱ्या दिवशी संपत नाही, ते आयुष्यभर सोबत राहते.

आमच्या धर्मग्रामात आता महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, सभागृहाच्या कोपऱ्यात एक टेबल मांडलेले असते. धर्मग्रामातीलच दोन वकील तेथे आळीपाळीने बसतात. फी नाही. नोटीस घेऊन यावे, चलान घेऊन यावे, न बदललेल्या नोंदणीचे कागद घेऊन यावे. पहिल्या रविवारी तिघेच आले होते, त्यांतील दोघे नुसते बघायला. परवा रांग दारापर्यंत गेली होती. आपापल्या धर्मग्रामात असे एक टेबल मांडावयाला दोन खुर्च्या आणि एक कायदा जाणणारा मनुष्य एवढेच लागते. ज्यांच्या घरी वकील, निवृत्त पोलीस किंवा परिवहन खात्यातील माणूस असेल, त्यांनी आपल्या धर्मगुरूंना तसे कळवावे. आणि ज्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एखादा कागद दडवून ठेवलेला असेल, त्यांनी तो बाहेर काढावा.